देवदारांच्या वलयांतील इशारा

नदीवर धरण बांधायचे असो, पूल उभारायचा असो वा पूररेषा आखायची असो, अभियंत्यांपुढे पहिला प्रश्न एकच असतो : ही नदी जास्तीत जास्त किती पाणी आणू शकेल? उत्तर शोधले जाते ते प्रवाहाच्या नोंदवह्यांत. परंतु हिमालयातील बहुतेक नद्यांची सलग मोजणी काही दशकांपलीकडे जात नाही. एवढ्या तुटपुंज्या पुराव्यावर शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या महापुराचे गणित मांडणे धाडसाचेच होय. ही उणीव काही अंशी भरून काढणारे दप्तर हिमालयाच्या उतारांवरच उभे आहे. ते म्हणजे जुन्या वृक्षांची वार्षिक वलये.

वसंतात वेगाने तयार होणारे फिकट लाकूड आणि वाढ मंदावताना घडणारे गडद लाकूड मिळून एका वर्षाचे वलय बनते. थंड प्रदेशात उष्ण वर्ष म्हणजे रुंद वलय, असा सर्वसाधारण समज आहे. पश्चिम हिमालयातील देवदार मात्र निराळी साक्ष देतो. तेथे मोसमी पावसापूर्वीचे महिने कोरडे आणि तप्त गेले की वलय अरुंद होते. हिवाळी हिमवृष्टी व वसंतातील पाऊस यांतून जमिनीत ओल राहिली की ते रुंदावते. नेपाळमधील वृक्षरेषेवरचा भूर्जही थंडीपेक्षा वसंतातील कोरडेपणानेच अधिक खुरटतो, असे आढळले आहे. म्हणजे तापमानवाढीने डोंगरावरची जंगले आपोआप फोफावतील, ही आशा भाबडी ठरते. लाहौलमधील जुनिपरची वलयमाला तर दीड हजारांहून अधिक वर्षे मागे जाते.

या अभ्यासाचे धोरणात्मक मोल ब्रह्मपुत्रेने दाखवून दिले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने वृक्षवलयांच्या आधारे या नदीचा सुमारे सात शतकांचा विसर्ग उभा केला. ज्या १९५६ ते १९८६ या काळातील मोजणीवर आपण विसंबतो, तो काळ त्या सात शतकांतील अत्यंत कोरड्या कालखंडांपैकी एक निघाला. परिणामी केवळ मोजणीच्या नोंदींवरून पुराचा धोका २४ ते ३८ टक्क्यांनी कमी लेखला जातो, असा त्याचा निष्कर्ष आहे. हवामानबदलाचा भार यावर वेगळाच. सियांगवर महाकाय धरणाचा प्रस्ताव पुढे सरकत असताना आणि आसाम दरवर्षी बुडत असताना ही आकडेवारी शोधनिबंधांत पडून राहणे परवडणारे नाही.

वलये ही अप्रत्यक्ष साक्ष आहे, हे खरे. जातीनुसार, उतारानुसार तिचा अर्थ बदलतो आणि प्रत्यक्ष मोजणीशी ताडल्याखेरीज तो लागत नाही. म्हणूनच उंचावरील हवामान केंद्रे वाढवणे हेही तितकेच निकडीचे आहे. लखनौची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था आणि पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था येथे या विद्येची परंपरा आहे. २००८ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात हिमालयासाठी स्वतंत्र अभियानही आहे. उणीव ज्ञानाची नसून ते निर्णयापर्यंत पोहोचवणाऱ्या नियमाची आहे. जेथे वलयांची विश्वसनीय मालिका उपलब्ध आहे, तेथे जलविद्युत प्रकल्पांच्या पूर-आराखड्यात तिचा विचार बंधनकारक केला पाहिजे.

दुसरा प्रश्न दप्तर जपण्याचा. वलय वाचण्यासाठी झाड तोडावे लागत नाही. पोकळ गिरमिटाने पेन्सिलीहूनही बारीक नमुना काढता येतो. रस्त्यासाठी पाडलेला शतकानुशतकांचा देवदार मात्र कायमचा जातो. २०२३ च्या वन संवर्धन दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय सीमेपासून शंभर किलोमीटरच्या आतील, राष्ट्रीय सुरक्षेशी निगडित रेषीय प्रकल्पांना वनमंजुरीतून सूट दिली आहे. सीमेवर रस्ते हवेतच. परंतु मार्ग आखण्यापूर्वी प्राचीन वृक्षांची गणना करून शक्य तेथे त्यांना वळसा घालण्याने सुरक्षेला बाधा येत नाही. पर्यायी वनीकरणाचा हिशेब रोपांच्या संख्येत होतो. आज लावलेले रोप छाया देईल, कर्बही शोषील. पण पाचशे वर्षांपूर्वीच्या दुष्काळाची नोंद ते देऊ शकणार नाही. ही नोंद पुसण्यापूर्वी ती निदान वाचून घेण्याचे भान राज्यकर्त्यांनी ठेवावे.