रोजचा एक तास

सुट्टी लागली की मुलांना टंकलेखन, हार्मोनियम किंवा शिवणकाम शिकविण्याची घाई अनेक घरांत होते. दिवसाला चार-चार तास सराव झाला म्हणजे कौशल्य लवकर हाती येईल, असा हिशेब त्यामागे असतो. हा हिशेब ब्रिटनमध्ये प्रत्यक्ष तपासला गेला आहे.

तेथील टपाल खात्याच्या कर्मचाऱ्यांना कळफलक शिकवायचा होता. मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली व त्यांचे सहकारी लाँगमन यांनी त्यांचे चार गट केले. एका गटाने रोज एकच तास सराव केला. दुसऱ्या टोकाच्या गटाने दोन बैठकांत मिळून चार तास. १९७८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चार तासवाल्यांना जी पातळी गाठण्यास ८० तास लागले, ती एक तासवाल्यांनी ५५ तासांत गाठली. काही महिन्यांनी पुन्हा चाचणी घेतली, तेव्हाही चार तासवाले मागे राहिले.

तरीही आपल्या वेळापत्रकावर सर्वांत नाराज होता, तो हाच एक तासाचा गट. कारण उघड आहे. ८० तास २० दिवसांत संपतात; ५५ तासांना ५५ दिवस लागतात. तास वाचतात, दिवस मात्र वाढतात.

परीक्षा तोंडावर असेल, तर अधिक तास बसण्यावाचून गत्यंतर नसते. परंतु जे कौशल्य जन्मभर टिकावे, त्यासाठी रोजचा एक तासच राखावा. आणि दहाव्या दिवशी मूल ‘अजून जमत नाही’ म्हणाले, तर त्याच्या संथ गतीला आळस समजू नये.