मदत कोणाची, हिशेब कोणाला?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि आगरदांडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यातील नारळी-सुपारीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. शासनाने बागायतीसाठी हेक्टरी ५० हजार रुपये जाहीर केले. परंतु येथील वाडी हेक्टरात नव्हे, गुंठ्यात मोजली जाते. म्हणजे गुंठ्यामागे पडले सुमारे ५०० रुपये! पुढे सुपारीच्या झाडामागे ५० रुपये दर ठरला. नवे रोप मात्र सहा-सात वर्षांनी फळते. मधली वर्षे बागायतदाराने आणि वाडीत राबणाऱ्या मजुराने काय खावे?

अशी पोकळी भरून काढण्यात ख्रिस्ती सेवासंस्थांचा वाटा या देशात जुना आहे. मदतीमागून धर्म येतो, हा आक्षेपही तितकाच जुना. आणि तो सर्वस्वी निराधार होता असे म्हणता येणार नाही. १८९३ मध्ये रानडे व भांडारकर पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनापासून दूर झाले ते याच वादातून. पण १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार स्त्रिया व मुली केडगावला आणल्या त्या रमाबाईंनीच. आक्षेप घेणाऱ्या समाजाने त्यांच्यासाठी कोणते दार उघडले होते, हाही प्रश्न इतिहासाने विचारलाच पाहिजे.

नगर जिल्ह्यातील अनुभव अधिक बोधप्रद आहे. स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला. पैसा जर्मनीचा होता, तो नाबार्डमार्फत आला. पण ग्रामसभेने नेमलेली समिती, श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी ही गावाची बाजू होती. गाव तेथे लाभार्थी राहिले नाही, भागीदार झाले.

सरकारने नेमका उलटा मार्ग धरला आहे. ‘निसर्ग’नंतर चार महिन्यांच्या आत, सप्टेंबर २०२० मध्ये परकीय देणगी कायद्यात दुरुस्ती होऊन, मोठ्या संस्थेने आपला परकीय निधी लहान स्थानिक संस्थेकडे देण्यास बंदी आली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. २०२४ मध्ये वर्ल्ड व्हिजन इंडिया आणि ‘कासा’ यांची नोंदणी रद्द झाली. परदेशी भांडवलासाठी मात्र पायघड्या अंथरल्या जातात. भांडवल आले तर विकास आणि देणगी आली तर कारस्थान, हा न्याय कोणता?

देणगीवर देखरेख हवी, याबद्दल समाजवाद्यांचे दुमत असण्याचे कारण नाही. परंतु ती देखरेख गृहखात्याच्या बंद फायलीत न होता गावाच्या चावडीवर व्हावी. कोणाला किती मिळाले, कोणत्या अटीवर मिळाले, हे ग्रामसभेत वाचून दाखवले जावे. प्रार्थनेची अट घालणारी संस्था तेथे आपोआप उघडी पडेल. जात पाहून पंचनामा करणारा अधिकारीही.

आणि धर्मादाय कितीही निर्मळ असला, तरी तो हक्काची जागा घेऊ शकत नाही. १९७२च्या दुष्काळाने महाराष्ट्राला हेच शिकवले. त्यातून १९७७चा रोजगार हमी कायदा झाला. दुष्काळग्रस्ताने कामाचा हक्क मिळवला. वादळग्रस्ताला वाडी पुन्हा फळेपर्यंत उत्पन्नाची हमी अद्याप मिळायची आहे. आगरदांड्याच्या बागायतदाराने आणि मजुराने ती मागावी, आणि समाजवाद्यांनी त्या मागणीमागे उभे राहावे.