राखेचा क्रूस आणि मुलाचा प्रश्न

धर्मनिरपेक्षतेची चर्चा आपल्याकडे बहुधा संसद, न्यायालय आणि निवडणूक या तीन ठिकाणी होते. तिची कसोटी मात्र याहून पुष्कळ लहान जागी लागत असते. ठाण्याच्या खोपट भागातील चाळीत राहणारे सहा-सात वर्षांचे एखादे मूल फेब्रुवारी-मार्चमधल्या एका बुधवारी शाळेतून घरी येते आणि विचारते, “आज माझ्या मैत्रिणीच्या कपाळावर राख का होती?” या प्रश्नाला घरात जे उत्तर मिळते, त्यावरून शेजारधर्माविषयीची त्या मुलाची पहिली कल्पना ठरते. “त्यांचं असतं काहीतरी” हे उत्तर सर्वांत प्रचलित आहे आणि तेच सर्वांत हानिकारक आहे. त्यात द्वेष नाही, हे खरे. परंतु ‘ते’ आणि ‘आपण’ अशी विभागणी त्या उत्तराने पहिल्याच दिवशी पक्की होते, आणि पुढे ज्यांना द्वेष पेरायचा असतो त्यांना नांगरलेली जमीन आयती मिळते.

खोपटसारख्या वस्तीत हा प्रश्न वारंवार उद्भवावा, हे स्वाभाविक आहे. एस. टी. स्थानकाच्या आसपासची ही वस्ती. जवळच वागळे इस्टेट उभी राहिली आणि ठाण्याच्या कारखानदारीने कोकणातून, घाटावरून, तसेच गोवा, मंगळूर आणि केरळ येथून कष्टकरी माणसे आणली. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते, बौद्ध होते, तसे ख्रिस्तीही होते. खोपटहून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर, मासुंदा तलावाकाठी, सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च पोर्तुगीज काळापासून उभे आहे. पिढ्यान् पिढ्या त्यावरून जाणाऱ्या किती कुटुंबांना आत काय चालते याची माहिती आहे, हे विचारून पाहण्यासारखे आहे.

ख्रिस्ती धर्म ठाण्यात गोऱ्या राज्यकर्त्यांबरोबर आला, ही समजूतही दुरुस्त केली पाहिजे. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक मारले गेले. ते ज्या घरी उतरले होते ते घर पौर्वात्य ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबाचे होते, असे त्यानंतर येथे आलेल्या ओडोरिक या प्रवाशाने लिहून ठेवले आहे. वास्को द गामा हिंदुस्थानात पोचला तो १४९८ साली. म्हणजे पोर्तुगीजांच्या आधी पावणेदोनशे वर्षे या गावात ख्रिस्ती माणसे घर करून राहत होती. पुढे पोर्तुगीज आले, धर्मांतरे झाली, त्यांत जुलूमजबरदस्तीही होती. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले आणि पोर्तुगीज गेले. पण येथले ख्रिस्ती येथेच राहिले, कारण ते येथलेच होते. १८८७ साली ज्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले ते लोक कोळी, कुणबी, भंडारी अशा स्थानिक समाजांतूनच आलेले आहेत, आणि मराठी बोली त्यांच्या घरात आजही बोलली जाते. लग्नाआधी विहिरीवरून वाजतगाजत ‘उंबराचे पाणी’ आणण्याची त्यांची चाल पाहिली, की हे लोक परके असल्याचा समज टिकत नाही. वसईचे ख्रिस्ती तर चर्चला ‘देऊळ’च म्हणतात.

असे असूनही आजच्या शहरी मुलाला ख्रिस्ती धर्माची ओळख करून देणारे शिक्षक दोनच उरले आहेत. एक बाजार आणि दुसरा पूर्वग्रह. बाजार डिसेंबरात मॉलच्या दारात लाल टोपीचा सांताक्लॉज उभा करतो, केक विकतो आणि नाताळ म्हणजे सवलतीची खरेदी असे मुलाच्या मनावर ठसवतो. ज्या घरात खरेदीची ऐपत नाही तेथल्या मुलाला तो सण परवडत नाही, एवढेच कळते. गोठ्यात जन्मलेल्या मुलाचा सण दुकानाच्या काचेआड जावा, यावर अधिक भाष्य नको. दुसरा शिक्षक कुजबुजतो की हे लोक बाटवणारे आहेत, त्यांच्यापासून दूर राहा. १९९९ च्या जानेवारीत ओरिसातील मनोहरपूर येथे ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले यांना गाडीत जिवंत जाळण्यात आले. त्या जमावाला हे शिक्षण एका रात्रीत मिळाले नव्हते.

मग मुलाला सांगायचे काय? शिक्षणशास्त्र सांगते की या वयाचे मूल अमूर्त सिद्धान्त पकडू शकत नाही. ते कृती पकडते. म्हणून आरंभ सिद्धान्तापासून न करता कृतीपासून करावा. राखेच्या बुधवारी जी राख कपाळावर लावतात ती बहुधा आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. माणूस मातीतून आला आणि मातीत जाणार, तेव्हा गर्व करू नये, असे ख्रिस्ती माणसे त्या दिवशी स्वतःला बजावतात. ज्या मुलाने आजोबांच्या कपाळी भस्म पाहिले आहे त्याला यात अनाकलनीय असे काय आहे? त्यानंतर रविवार वगळून चाळीस दिवसांचा उपासकाळ असतो. श्रावण पाळणाऱ्या वा शेजारी रोजे पाहणाऱ्या मुलाला तोही समजतो. ईस्टरची तारीख दरवर्षी का बदलते, असे मूल विचारते, तेव्हा चंद्र दाखवावा. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. पाश्चात्त्य चर्चची गणना या नियमाने चालते. गुढीपाडवा आणि ईद ज्या चंद्रावर चालतात त्याच चंद्राचा हा हिशेब आहे. २ नोव्हेंबरला ख्रिस्ती कुटुंबे कबरींवर फुले आणि मेणबत्त्या ठेवून मृतांचे स्मरण करतात. पितृपक्ष ठाऊक असलेल्या घरात याला वेगळी टीका नको. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ईस्ट इंडियन लोक भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये नेतात. तो ‘आगेरा’ आहे, म्हणजे शेतकऱ्याचा सुगीचा सण.

मात्र साम्य दाखवताना सर्व काही एकच आहे असे सांगण्याचा मोह टाळला पाहिजे. भस्म आणि ही राख यांचा अर्थ एक नाही. साम्यामुळे मुलाला आत जाण्याचे दार सापडते. आत गेल्यावर जे वेगळे दिसेल ते वेगळेच राहू द्यावे. आपल्यासारखा आहे म्हणून शेजारी मान्य, ही सहिष्णुता कच्ची होय. आपल्यासारखा नसला तरी तो शेजारीच, हे मुलाला शिकायचे आहे.

एक विधी समाजवादी कार्यकर्त्याने विशेष आवर्जून सांगावा. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, धर्मगुरू गुडघे टेकून साध्या माणसांचे पाय धुतात. येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याचे हे स्मरण. त्या काळी पाहुण्याचे पाय धुणे हे गुलामाचे काम होते. गुरूने ते काम केले, याचा अर्थ मुलाला फोड करून सांगावा लागत नाही. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी हा विधी रोममधील बालगुन्हेगारांच्या तुरुंगात केला. ज्यांचे पाय त्यांनी धुतले त्यांत मुली होत्या आणि मुसलमानही होते. चर्चमधल्या परंपरावाद्यांना ते रुचले नाही. २०१६ साली त्यांनी नियमच बदलून या विधीत स्त्रियांना स्थान दिले. धर्माचे आचारही बदलू शकतात, हा या गोष्टीतला दुसरा धडा.

अर्थात स्तुतिपाठ करणे हे समजावून सांगणे नव्हे. ज्या धर्मसंस्थेत गुरू शिष्याचे पाय धुतो, तीतही भारतात जात शिरली आणि टिकली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची मान्यता हिंदूंपुरती मर्यादित ठेवली. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना ती मिळाली, दलित ख्रिश्चनांना व दलित मुसलमानांना मिळाली नाही. गोव्यात १५६० साली आलेले इन्क्विझिशन १८१२ पर्यंत चालले. हे सारे मुलाला कळले पाहिजे, पण ते वाढत्या वयात, इतिहासाच्या तासाला, आणि इतर धर्मांच्या इतिहासाला जी मोजपट्टी लावतो तीच लावून. सहा वर्षांच्या मुलाने राखेविषयी विचारले असता इन्क्विझिशनची कथा सांगणाऱ्याला मुलाच्या प्रश्नाशी कर्तव्य नसते.

गुड फ्रायडे समजावणे सर्वांत कठीण. लहान मुलासमोर खिळ्यांचे आणि रक्ताचे वर्णन करू नये. एका निरपराध माणसाला त्या वेळच्या सत्तेने शिक्षा दिली, आणि त्याला मानणारे लोक त्या दिवशी उपास करून शोक करतात, एवढे पुरे. येथे एका शब्दाची चूक किती महाग पडते, याला इतिहास साक्ष आहे. युरोपात शतकानुशतके मुलांना सांगितले गेले की येशूला ज्यूंनी मारले. त्या शिकवणुकीने गुड फ्रायडे हा ज्यू वस्त्यांसाठी भीतीचा दिवस ठरला. सर्व ज्यूंवरचा हा दोषारोप दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने अधिकृतपणे नाकारला तो १९६५ साली, हिटलरच्या छळछावण्या होऊन गेल्यानंतर. एका सणाचे चुकीचे स्पष्टीकरण पिढ्यान् पिढ्यांच्या द्वेषाला कारण होऊ शकते, हे आपल्याकडच्या सणांच्या कथा सांगणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे.

मुलांना धर्म समजावण्याची मराठी मुलखातली परंपरा जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइटाने १६१६ साली गोव्यात रायतूर येथे ‘क्रिस्तपुराण’ छापले, तेही मराठी ओव्यांत. स्वर्गाला त्याने ‘वैकुंठ’ म्हटले, कारण ऐकणाऱ्याला परिचित शब्द हवा होता. त्याची कोकणीतली धर्मप्रश्नोत्तरी त्याच्या मृत्यूनंतर, १६२२ साली निघाली. प्रश्नोत्तरी ही धर्मसंस्थेची आपल्या मुलांसाठीची पद्धत आहे आणि तो तिचा हक्कही आहे. पण तीत प्रश्न आणि उत्तर दोन्ही मोठ्यांचे असतात; मुलाकडे पाठांतर येते. सार्वजनिक ठिकाणी, सर्व धर्मांच्या मुलांसमोर, प्रश्न मुलाचाच असला पाहिजे, आणि उत्तर ‘ख्रिस्ती लोक असे मानतात’ या वाक्यरचनेत असले पाहिजे. ‘असे आहे’ म्हणणे धर्मप्रचार ठरेल. ‘हे सारे थोतांड आहे’ म्हणणे सात वर्षांच्या मैत्रिणीचा अपमान ठरेल. ‘मानतात’ या एका क्रियापदात मुलाच्या विवेकाला मोकळीक आणि शेजाऱ्याच्या श्रद्धेला मान, दोन्ही राहतात. आपल्या घरच्या देवाविषयी बोलतानाही तेच क्रियापद वापरण्याची तयारी मात्र हवी.

राज्यघटनेची भूमिकाही याहून निराळी नाही. अनुच्छेद २८ ने पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षणाला मनाई केली, आणि मान्यताप्राप्त व अनुदानित शाळांत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात वा उपासनेत बसवता येणार नाही असे म्हटले. अरुणा रॉय खटल्यात १२ सप्टेंबर २००२ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांत फरक केला. त्या अभ्यासक्रमामागच्या हेतूंविषयी अर्जदारांना वाटणारी शंका निराधार नव्हती. पण हा फरक स्वतः योग्यच आहे आणि तो प्रतिगाम्यांच्या हाती सोडून देण्याचे कारण नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य प्रदेशातील शाजापूर जिल्ह्याच्या शिक्षण विभागाने असा आदेश काढला की मुलांना सांताक्लॉज करण्याआधी शाळांनी पालकांची लेखी परवानगी घ्यावी. पालकांची संमती हे तत्त्व निर्दोष आहे. मात्र ज्या तत्त्वाची आठवण वर्षातून एकदा आणि एकाच धर्माच्या सणाला होते, त्याला तत्त्व म्हणता येत नाही.

आपल्यापैकी काही बुद्धिवादी मित्र विचारतील की समाजवाद्यांनी धर्माचे आचार मुलांना का सांगत बसावे? धर्म आपोआप ओसरेल, ही अपेक्षा गेल्या शतकाने खरी ठरवलेली नाही. आपण गप्प बसलो की ती जागा रिकामी राहत नाही. वर सांगितलेले दोन शिक्षक ती भरून काढतात. विनोबांनी ‘कुराणसार’ आणि ‘ख्रिस्तधर्मसार’ सिद्ध केले, साने गुरुजींनी इस्लामी संस्कृतीवर लिहिले, ते कोणाला धर्म लावण्यासाठी नव्हे. आणि ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून मराठी शाळांनी ज्यांच्या कविता पिढ्यान् पिढ्या पाठ करून घेतल्या, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले होते, ही साधी गोष्टही त्या मुलांपैकी कितींना सांगितली गेली?

काम अवघड नाही आणि त्याला निधीही लागत नाही. खोपट असो वा डोंबिवली, जेथे सेवादलाची शाखा, बालवाडी किंवा वाचनालय चालते तेथे वर्षातून चार वेळा वस्तीतल्याच एखाद्या ख्रिस्ती आईला वा कामगाराला मुलांसमोर बोलावावे. राखेच्या बुधवारी एकदा, पाय धुण्याच्या गुरुवारानंतर एकदा, सुगीच्या सणाला एकदा आणि नाताळात एकदा. व्याख्यान नको, मुलांनी विचारावे आणि त्यांनी आपण काय करतो ते सांगावे. पक्षाचा फलक तेथे लावू नये. ख्रिस्ती मुलांनाही मोहरम, गणपती आणि चौदा एप्रिल असेच समजावून द्यावे, आणि ज्या घरात कोणताच धर्म पाळला जात नाही तेथल्या मुलालाही ‘आमच्या घरी हे मानत नाहीत’ असे न बिचकता सांगता यावे. पालकांना आधी कळवावे. ज्यांना मूल पाठवायचे नसेल त्यांच्यावर आग्रह धरू नये.

दंगल उसळल्यावर शांतता समित्या नेमून आणि मोर्चे काढून जे साधत नाही, त्याची पूर्वतयारी या वयात होते. कपाळावरच्या राखेविषयी विचारणाऱ्या मुलाला पाच मिनिटे देऊन खरे उत्तर देणे, हे पक्षाच्या कार्यक्रमपत्रिकेवर येणार नाही. कार्यकर्त्याने ते तरीही आपले काम मानावे.