'छान आहे' या शब्दांची भीती

परवा पुण्याहून माझ्या आतेभावाची मेल आली. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे पठ्ठ्या. चार मित्र मिळून आशाताईंसाठी एक अ‍ॅप करताहेत. गरोदर बायकांच्या नोंदी, बाळांच्या लसी, पुढच्या भेटीची तारीख असं सगळं त्यात. सोबत फिग्मामध्ये केलेला प्रोटोटाइप होता. "दादा, बघून सांग ना कसं वाटतंय."

बघितलं. चाळीसेक स्क्रीन होते. रंग सुरेख, चित्रं गोड, एका स्क्रीनवरून दुसऱ्यावर जाताना पान अलगद सरकत होतं. मी उत्तरात 'छान आहे' असं लिहिलंसुद्धा. मग खोडलं, आणि एवढंच विचारलं, "आत्तापर्यंत किती आशाताईंनी हे बघितलंय?"

दहा मिनिटांत उत्तर आलं. "अजून कोणीच नाही. आधी पूर्ण होऊ दे, मग दाखवणार आहोत."

हे 'आधी पूर्ण होऊ दे' वाचून मला माझेच जुने दिवस आठवले, म्हणून हा लेखप्रपंच.

पीएच.डी. संपवून मी इथे अमेरिकेत वैद्यकीय उपकरणांच्या कामाला लागलो तेव्हाची गोष्ट. शिरेतून औषध सोडणाऱ्या एका पंपाचा स्क्रीन करायचं काम माझ्याकडे आलं. मी त्यावर पाच महिने घातले. अधूनमधून परिचारिकांना दाखवायचो, म्हणजे मीच बटणं दाबून दाखवायचो आणि त्या बघायच्या. प्रत्येक वेळी एकच उत्तर, "लुक्स ग्रेट!" मी खूष.

शेवटी एकदा एका वयस्कर परिचारिकेच्या हातात पंप दिला आणि म्हटलं, एवढी मात्रा लावा, मी काही बोलणार नाही. तिने सवयीने हातमोजे चढवले, आकडा बरोबर टाकला आणि 'सुरू' दाबलं. हिरवा दिवा लागला. फक्त आकड्याशेजारच्या बारीक अक्षरात 'दर मिनिटाला' असं होतं आणि तिला हवं होतं 'दर तासाला'. म्हणजे मात्रा साठपट! नळीत साधं पाणी होतं आणि ते बादलीत पडत होतं म्हणून ठीक, नाहीतर काय झालं असतं ते सांगायला नको.

मी चूक दाखवल्यावर ती आधी म्हणाली, "सॉरी, माझंच लक्ष नव्हतं." मग जरा थांबून म्हणाली, "खरं सांगू? ती अक्षरं बारीक आहेत हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. पण तू एवढं काम केलं होतंस, सगळं तयारच दिसत होतं. मग काय बोलायचं?"

माझी खरी चूक त्या बारीक अक्षरांच्या आधीची होती. मी तिच्यासमोर अशी वस्तू ठेवली होती की तिला नावं ठेवायचा संकोच वाटावा. पुढच्या वेळी मी कागदावर पेन्सिलीने वेडेवाकडे चौकोन काढून नेले. तिने माझ्या हातातून पेन्सिल घेतली, दोन चौकोनांवर काट मारली आणि स्वतः तिसरा काढला!

आपल्याला वाटतं की अमेरिकन माणूस फटकळ. तसं काही नाही. इथलं 'लुक्स ग्रेट' आणि आपलं 'छान आहे' ही सख्खी भावंडं आहेत. दोन्हींचा अर्थ 'तुमचे कष्ट दिसताहेत, मला तुम्हाला दुखवायचं नाही' एवढाच. माझं स्पष्ट मत झालंय, की प्रोटोटाइप जितका लवकर देखणा होतो तितका तो लवकर निरुपयोगी होतो, कारण लोक त्याच्याशी खरं बोलायचं थांबतात.

हे शहाणपण काही माझं नाही. जेफ हॉकिन्सने १९९६ साली बाजारात आलेला पाम पायलट बनवला. त्याआधी त्याने खिशात मावेल एवढा लाकडाचा ठोकळा कापून घेतला होता. तो ठोकळा घेऊन तो हिंडायचा आणि मीटिंगची वेळ ठरवताना खिशातून काढून त्यावर लिहिल्याचं सोंग करायचा. आत ना बॅटरी, ना चिप. पण ही वस्तू खिशात बरी वाटते का, दिवसातून किती वेळा काढावीशी वाटते, कशासाठी काढावीशी वाटते, या प्रश्नांची उत्तरं त्याला लाकडाने दिली.

आयबीएमच्या संशोधकांनी तर याच्याही आधी कमाल केली होती. बोललेलं आपोआप टाइप करणारं यंत्र लोकांना आवडेल का, हे त्यांना बघायचं होतं. तेव्हा तसं यंत्र अस्तित्वातच नव्हतं. म्हणून त्यांनी दुसऱ्या खोलीत एक वेगवान टायपिस्ट बसवली. माणूस माइकमध्ये बोलायचा, टायपिस्ट टाइप करायची, आणि अक्षरं त्याच्या स्क्रीनवर उमटायची. हा प्रयोग १९८३ साली प्रसिद्ध झाला. यंत्र बनवायच्या कितीतरी वर्षं आधी ते कसं असावं हे थोडंफार कळलं, आणि खर्च किती? एका टायपिस्टचा!

तर आतेभावाला जे लिहून पाठवलं ते इथेही देतो. कोणाला उपयोग झाला तर बरंच.

१. आधी कागद. एका स्क्रीनला एक कागद. समोरचा माणूस बोटाने 'बटण' दाबेल, तुम्ही कागद बदलायचा. थोडक्यात, संगणक तुम्हीच. कागदाचा कंटाळा असेल तर बाल्सामिक नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्यात सगळं मुद्दाम हाताने काढल्यासारखं दिसतं. कच्चं काम कच्चंच दिसावं म्हणून केलेली ती सोय आहे.

२. काम द्या, फेरफटका नको. 'हे बघा, इथे नोंद होते' असं म्हटलंत की परीक्षा फुटली. 'तुमच्या भागात काल बाळ जन्मलं, त्याची नोंद करा' एवढंच सांगा आणि तोंड बंद ठेवा. हे फार अवघड आहे. माणूस चुकीच्या बटणाकडे बोट नेतो तेव्हा आपला जीव खालीवर होतो, पण तेवढ्यासाठीच तर आपण तिथे बसलेलो असतो. विचारायचंच असेल तर दाबायच्या आधी विचारा, "हे दाबल्यावर काय होईल असं वाटतंय?"

३. पाच माणसं पुरतात, पण एका फेरीला. जेकब नील्सन आणि टॉम लँडॉअर यांनी १९९३ साली हिशेब मांडला होता. त्यांच्या अभ्यासात एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी सापडत होत्या, त्या हिशेबाने पाच जणांकडून ८५ टक्क्यांच्या आसपास जातात. म्हणून पंधरा जणांना एकदम बसवण्यापेक्षा पाच जण, मग सुधारणा, मग नवे पाच असं करा. अर्थात हा आकडा शोधण्यासाठीचा आहे, सिद्ध करण्यासाठीचा नाही. वैद्यकीय उपकरणांच्या शेवटच्या चाचणीसाठी इथली एफडीए २०१६ च्या मार्गदर्शिकेत प्रत्येक प्रकारच्या वापरकर्त्यांतले किमान १५ जण घ्यायला सांगते.

४. खोटा मजकूर भरू नका. आतेभावाच्या प्रोटोटाइपमध्ये सगळ्या बायकांची नावं तीन-चार इंग्रजी अक्षरांची होती. खरं अ‍ॅप मराठीत चालणार. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या बटणात मराठी शब्द टाकला की वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो. संपूर्ण नाव, आडनाव, वाडीचं नाव एका ओळीत मावत नाही. शिवाय यादी रिकामी असेल तेव्हा काय दिसेल? दोनशे नावं असतील तेव्हा? रेंज गेली तर अर्धवट भरलेली नोंद राहील की जाईल? हे स्क्रीन कधीच देखणे नसतात, म्हणून ते डेमोत कोणी काढत नाही.

५. दिवा खरं तेच सांगतो ना, ते बघा. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात एक झडप उघडीच राहिली होती. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र ती बंद झाल्याचं सुचवत होता, कारण तो दिवा झडपेची स्थिती दाखवतच नव्हता. 'बंद हो' हा हुकूम गेला एवढंच त्याला माहीत होतं. दोन तासांहून जास्त वेळ पाणी निसटत राहिलं आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. आपल्या अ‍ॅपमधली 'नोंद झाली' ही हिरवी खूण याच जातीची असू शकते. नोंद फोनमध्ये झाली की सर्व्हरवर पोचली? दोन्हींसाठी वेगळी खूण हवी. आणि ती नुसती लाल-हिरवी नको, रंग न ओळखू शकणारी माणसंही असतात. एकदा सगळे स्क्रीन करड्या रंगात करून बघा, अर्थ टिकला तर ठीक.

६. बोटाचं माप विसरू नका. अँड्रॉइडची शिफारस सुमारे नऊ मिलिमीटरच्या बटणाची आहे. उन्हात, एका हातात रजिस्टर असताना, चालता चालता दाबायचं असेल तर मी त्याहून मोठंच करीन.

आता यावर कोणी म्हणेल, कागदावर सगळं थोडंच कळतं? बरोबर आहे. बोटाने सरकवणं, स्क्रीन उघडायला लागणारा वेळ, उन्हातला उजेड, हे कागदावर कळत नाही. तिथे फिग्मा हवंच, आणि शेवटी खरा स्वस्तातला फोनही हवा. माझं भांडण सॉफ्टवेअरशी नाही, क्रमाशी आहे. शिवाय सॉफ्टवेअरवर फार जीव टाकू नये. एकेकाळी सगळ्यांच्या तोंडी असलेलं इनव्हिजन २०२४ च्या अखेरीस बंद झालं. अडोबीने २०२३ मध्ये एक्सडी बाजूला ठेवलं. माणसाशेजारी गप्प बसायची कला मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरसोबत जात नाही.

दुसरा आक्षेप आतेभावानेच घेतला, आणि तो जास्त खरा आहे. "दादा, मुलाखतीत चकचकीत स्क्रीनच बघतात. पेन्सिलीचे कागद दाखवले तर हसतील." कबूल. नोकरी हा काही चेष्टेचा विषय नाही. पण आशाताईंना बराचसा मोबदला कामागणिक मिळतो. नोंद हरवली तर तिचे पैसे हरवतात, आणि लसीची तारीख चुकली तर एखादं बाळ राहून जातं. तुझा स्क्रीन चुकला तर बिल तिच्या नावावर फाटतं, हे मी त्याला जरा कडक शब्दात लिहिलं. नंतर वाटलं, जास्तच बोललो. दोन दिवस उत्तर नव्हतं.

तिसऱ्या दिवशी फोन आला. शनिवारी चौघं एसटीने मुळशीकडच्या एका गावात गेले होते, पिशवीत फक्त कागद आणि पेन्सिली. तिथल्या आशाताईंना 'काल बाळ जन्मलं, नोंद करा' असं सांगितलं. त्या पहिल्याच रकान्याशी थांबल्या. तिथे 'बाळाचे नाव' असं लिहिलं होतं, आणि ते भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं.

त्या म्हणाल्या, "कालच जन्मलंय ना? मग बारसं व्हायच्या आधी नाव कुठून आणू?"

चाळीस स्क्रीन, चार इंजिनिअर आणि अमेरिकेत बसलेला एक डॉक्टरेटवाला, आमच्यापैकी एकाच्याही हे लक्षात आलं नव्हतं! माझ्याकडेही तो प्रोटोटाइप होताच की.

बावीस स्क्रीन रद्द झालेत म्हणे. उरलेले परत पेन्सिलीने काढताहेत. पुढच्या शनिवारी दुसरं गाव.