वाट राखायची तर

जमीन राखणाऱ्या न्यासांचे अहवाल एकरांनी भरलेले असतात. किती जमीन मिळाली, कुणी दिली, खत कधी झालं. त्याच जमिनीवरून जाणाऱ्या पायवाटांचा खर्च मात्र त्यात शोधावा लागतो. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या माउंट डेझर्ट बेटाचा इतिहास आपल्या क्षेत्रातल्या प्रत्येकानं वाचावा तो यासाठी.

चार्ल्स एलियट हा बॉस्टनचा तरुण भूदृश्यरचनाकार. ग्रंथालय पुस्तकं सांभाळतं, संग्रहालय चित्रं सांभाळतं, तशी लोकांसाठी सुंदर जागा सांभाळणारी संस्था हवी, असं त्यानं १८९० साली मांडलं. पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समध्ये असा न्यास कायद्यानं स्थापन झाला. एलियट १८९७ साली, अवघ्या ३७व्या वर्षी गेला. त्याचे कागद वाचून काढले ते वडिलांनी, हार्वर्डच्या अध्यक्षांनी. १९०१ साली त्यांच्याच पुढाकारानं माउंट डेझर्टवर हॅनकॉक काउंटीचा न्यास उभा राहिला.

न्यासाचं काम अंगावर घेतलं जॉर्ज डॉर यांनी. १९१३ साली राज्याच्या विधिमंडळात न्यासाची सनदच रद्द करण्याचा प्रयत्न झाला. डॉर यांनी राजधानी गाठून तो हाणून पाडला, पण राज्यानं दिलेलं राज्य काढूनही घेऊ शकतं, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं. मग सुमारे पाच हजार एकर जमीन संघराज्य सरकारला देऊ करून ते वॉशिंग्टनला खेटे घालत राहिले. १९१६ साली तिला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला, १९१९ साली राष्ट्रीय उद्यानाचा. तेच आजचं अकेडिया. डॉर यांची वडिलोपार्जित संपत्ती बरीचशी यातच संपली.

इथवरची गोष्ट सगळे सांगतात. मला जास्त मोलाच्या वाटतात त्या वाटा. न्यास जन्मण्याआधीपासून बेटावरच्या ग्रामसुधार मंडळांच्या वाट-समित्या डोंगरात वाटा बांधत होत्या. त्यांतल्याच वॉल्ड्रन बेट्स यांनी खुणेच्या दगडांची एक रीत घालून दिली: खाली दोन धोंडे, त्यांवर आडवा दगड आणि वर दिशा दाखवणारा एक लहान दगड. आप्तांच्या स्मरणार्थ कुटुंबांनी पैसे दिले, त्यांतून कड्यांवर दगडी पायऱ्या चढल्या. काही वाटांसाठी देखभालीची ठेवही ठेवली गेली. १९१५च्या सुमारास बेटावर २०० मैलांहून जास्त वाटा होत्या.

पुढे ती मंडळं थकली. जमीन सरकारच्या हाती सुरक्षित राहिली, वाटा मात्र हळूहळू विरत गेल्या. शतकाच्या अखेरीस उद्यान जेमतेम १२० मैल सांभाळत होतं. १९९९ साली ‘फ्रेंड्स ऑफ अकेडिया’ ही संस्था आणि उद्यान यांनी मिळून वाटांसाठी १ कोटी ३० लाख डॉलर उभे केले. त्यांतले ९० लाख देणगीचे, बाकीचे उद्यानाच्या प्रवेशशुल्कातले. यातून कायम ठेव झाली. देखभालीची अशी ठेव असलेलं पायवाटांचं जाळं अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत हे पहिलंच. आणि बेट्स यांची खुणेची रीतही परतली.

गडवाटा, देवरायांच्या वाटा सांभाळणाऱ्या आपल्या वाचकांना वाट कशी मरते हे सांगायला नको. एका पावसाळ्यात पाणी वाटेनं धावायला लागलं की माती जाते, मुळं उघडी पडतात, चालणारे कडेनं चालतात, वाट रुंदावते आणि उतारावर नवी घळ होते. ज्येष्ठात पाणी बाजूला काढणारा तिरका चर मोकळा केला तर हे एका दिवसाचं काम. तीन वर्षं राहून गेलं तर गवंडी, दगड आणि वर्गणी.

म्हणून जमीन घेताना वाटेचा पैसाही त्याच बैठकीत मागावा, असं माझं स्पष्ट मत आहे. जमिनीसाठी पाकीट उघडणारा दाता त्या दिवशी समोर बसलेला असतो. चर उपसायला तो दहा वर्षांनी सापडत नाही. आपल्या संस्थेला एक किलोमीटर वाट वर्षभर राखायला किती माणसं, किती दिवस आणि किती रुपये लागतात, हे आम्हाला लिहून कळवा. आलेले हिशेब पावसाळ्याआधीच्या अंकात छापू.