आधी रेझिस्टर, मग आर्डुइनो

वाशिम २०१८ साली आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आलं. अशा ठिकाणी शाळेत टिंकरिंग लॅब आली की पोरांच्या हाती थेट आर्डुइनो द्यायचा मोह होतो. मी पोटासाठी कोडच लिहितो, तरी मला हे पटत नाही. कॉपी-पेस्ट केलेला कोड चालतो. का चालला ते कळत नाही.

त्यापेक्षा ब्रेडबोर्ड आणि ९ व्होल्टची बॅटरी द्या. लाल एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो, उरले ७. करंट १० मिलीअँपिअर हवा, म्हणजे ७०० ओहम. दुकानात ६८० मिळतो (७०० मागून बघाच!), तो चालतो. मात्र रेझिस्टरचे दोन्ही पाय पाच भोकांच्या एकाच ओळीत खोचले, की एलईडी गेलाच म्हणून समजा.

मग दुसरा ६८० समांतर जोडायला सांगा. उजेड वाढेल की कमी होईल, ते पोरांकडून आधी वहीत लिहून घ्या.