कापसाचा भाव ठरवतं कोण?

जलंब-खामगाव हा रेल्वेचा फाटा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय. १८७० मध्ये इंग्रजांनी तो सुरू केला, तो काही आपल्या पणज्यांना माहेरी जाता यावं म्हणून नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला होता, तेव्हा वऱ्हाड किती कामाचं आहे हे त्यांना नीट कळलं. कापूस इथून जायचा, कापड तिथून यायचं.

इंग्रज गेले. भाव मात्र आजही न्यूयॉर्कच्या वायदेबाजाराकडे बघूनच हलतो.

ऑगस्ट २०२५ आठवा. अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ लावला. कापड उद्योग अडचणीत आला म्हणून केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमका आपला कापूस घरात येतो त्याच दिवसांत! इचलकरंजी-तिरुपूरच्या कामगारांचंही पोट आहे, मान्य. पण तो दिलासा दिला कुणाच्या खिशातून? हमीभाव लांब धाग्याला ८,११० रुपये होता, पण सीसीआयला १२ टक्क्यांच्या वर ओलावा चालत नाही. माझ्या मामेभावाला दिवाळीआधी मजुरांचे पैसे द्यायचे होते. कापूस वाळेपर्यंत थांबतो कोण? दिला व्यापाऱ्याला, मिळेल त्या भावात.

हे एकट्या आपलंच नाही. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब देशांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत सांगितलं, की श्रीमंत देश आपल्या कापूस उत्पादकांना अनुदान देतात, त्याने जगातले भाव पडतात आणि आमचा शेतकरी मरतो. ब्राझीलने याच विषयावर अमेरिकेशी केस लढवली, जिंकली आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर घेऊन तडजोड केली. ज्याच्यात लढायची ताकद, त्याला पैसे. ते चौघे अजून मागतायत.

घानाचे क्वामे एन्क्रुमा यांनी १९६५ मध्ये नववसाहतवादावर अख्खं पुस्तक लिहिलं. देश कागदावर स्वतंत्र, पण अर्थकारण बाहेरून चालतं, हा त्यांचा मुद्दा.

जागतिकीकरण नकोच, असं मी म्हणत नाही. २०२२ मध्ये कापूस १० हजारांच्या वर गेला तो जगाच्या बाजारामुळेच, तेव्हा आपण खुशीत होतो. माझा राग दिल्लीवर जास्त आहे. अमेरिका तिच्या शेतकऱ्याला सांभाळते, आपण ऐन वेचणीत दार उघडून देतो.

खासदार साहेब गावात आले की एवढंच विचारा: शुल्क काढायच्या आधी एका तरी कापूसवाल्याला विचारलं होतं का? काय उत्तर देतात ते कमेंटमध्ये टाका, मी बातमी करतो.